चार मिनिटांची शांतता

"ताई, शेवटच्या चार मिनिटांत शांतता नाहीये."

हे वाक्य त्या माणसाला दोनदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा तो माझ्या टेबलावरच्या कागदांकडे बघत बोलला, आणि त्याच्या मिशा ओठांवर उतरलेल्या होत्या. मी सवयीने मान डोलावली. तरी तो जाईना, तेव्हा मी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हटलं, "बसा आधी. नीट सांगा, काय म्हणणं आहे तुमचं?"

मंगळवार होता, दुपारचे बारा-साडेबारा. कोल्हापुरातल्या आमच्या दैनिकाच्या कचेरीत रविवार पुरवणीचा विभाग म्हणजे खिडकीजवळची दोन टेबलं. भिंतीला पाठ टेकवून बसता येईल असं टेबल मी मागून घेतलं होतं. तिथे बसलं की येणारा प्रत्येक माणूस समोरून दिसायचा. त्या टेबलावर बसून मी बावीस वर्षं 'शुक्रवारचा खेळ' हे सदर लिहीत होते. शुक्रवारी लागलेला सिनेमा बघायचा, शनिवारी दुपारपर्यंत परीक्षण लिहून द्यायचं, रविवारी ते छापून यायचं. गावात मला कालिंदी उपळेकर म्हणून थोडे लोक ओळखत आणि सिनेमावाल्या बाई म्हणून बरेच.

तो माणूस बसला. चाळिशीचा असेल. पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. त्याने नाव सांगितलं, मी वहीत 'रफीक मुजावर, इचलकरंजी' असं टिपलं. मग त्याने पिशवीतून रविवारच्या पुरवणीचं कात्रण काढून माझ्यापुढे ठेवलं. 'दुसरी पाळी' या मराठी सिनेमावरचं माझंच परीक्षण. एका परिच्छेदाखाली त्याने पेनाने रेघ ओढली होती.

मी लिहिलं होतं: 'यंत्रमागांचा खडखडाट दोन तास आपल्या कानांवर आदळत असतो, आणि मग माग थांबतात. शेवटची चार मिनिटं पडद्यावर काहीही ऐकू येत नाही. परत न आलेल्या नवऱ्याची वाट बघत बाई उंबऱ्यावर बसून राहते आणि दिग्दर्शक गप्प राहण्याचं धाडस करतो. हा आशेचा सिनेमा आहे.'

"यात काय चुकलं?" मी विचारलं.

"तिथं आवाज आहे. मीच घेतलाय."

"तुम्ही?"

"सिनेमाचं ध्वनिमुद्रण मी केलंय, ताई. त्या चार मिनिटांसाठी मी सहा आठवडे घालवलेत."

"अहो रफीकभाई, शांतता म्हणजे अगदीच शून्य असं नसतं म्हणायचं. परीक्षणातली भाषा अशी शब्दाला शब्द लावून वाचू नये."

तो माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाला, "बरं. पण ती बोलते. ते तरी लिहायचं होतं."

"कोण बोलते?"

"ती. बाई. शेवटी."

मी कात्रण उचललं, वाचल्यासारखं केलं आणि खाली ठेवलं. "शेवट फोडायचा नसतो," मी म्हटलं. "प्रेक्षकांचा रस जातो."

त्याने माझ्याकडे बघितलं. 'मग काय बोलते, सांगा बरं' असं तो सहज विचारू शकला असता. मी त्याच प्रश्नाची वाट बघत होते. त्याने विचारलं नाही. कात्रणाची घडी घातली, पिशवीत ठेवली.

"गुरुवारी बाराचा खेळ शेवटचा," तो म्हणाला. "शुक्रवारी उतरतोय सिनेमा. मी येणार आहे. तुम्हीही या."

"मी एक सिनेमा दोनदा बघत नाही."

हे खोटं होतं. एकेक सिनेमा मी चार-चारदा बघितला होता, पण हेमलता सोबत असायची तेव्हा.

तो गेला आणि संपादकांच्या खोलीतून शिरगुप्पेसाहेब बाहेर आले. त्यांचा आवाज खर्जातला आणि खणखणीत, त्यामुळे त्यांच्याशी बोलणं मला कधी अवघड गेलं नाही. "कालिंदीताई, 'दुसरी पाळी'च्या निर्मात्याचा फोन होता. खूश आहेत. उद्याच्या जाहिरातीत तुमचं वाक्य टाकतायत. दिग्दर्शकानेही आभार सांगितलेत."

"दिग्दर्शक काही म्हणाले का? परीक्षणाबद्दल?"

"म्हणाले, बाईंनी वेगळाच अर्थ लावला, पण छान लावला."

ते हसले. मीही हसले.

दुसऱ्यांची परीक्षणं वाचायची नाहीत असा माझा नेम होता. आपलं मत उष्टं होतं असं मी म्हणायचे. त्या दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी मुंबई-पुण्याच्या अंकांचा गठ्ठा सोडला. तीन वर्तमानपत्रांत 'दुसरी पाळी'वर लेख होते. एकाला सिनेमा कंटाळवाणा वाटला होता. दुसऱ्याने त्याला वर्षातला सर्वांत प्रामाणिक सिनेमा म्हटलं होतं. तिसऱ्याचं म्हणणं होतं की शेवटचं ते कुजबुजलेलं वाक्य नसतं तर बरं झालं असतं, आणि दुसऱ्याच्या मते त्या एका वाक्याने आधीचे दोन तास उलटेपालटे होतात. तिघांची तोंडं तीन दिशांना. पण वाक्य तिघांनी ऐकलं होतं.

ते वाक्य काय, हे मात्र कुणीच लिहिलं नव्हतं. त्या लोकांनी खरोखरच शेवट फोडला नव्हता.

चार वर्षांपूर्वी मी मिरजेला जाऊन कान तपासून आले होते. कोल्हापुरात तपासायचं म्हणजे ओळखीचं कुणी भेटणार. डॉक्टरांनी एक आलेख काढून दाखवला. सुरुवातीला सरळ जाणारी आणि मग घसरगुंडीसारखी खाली उतरलेली रेघ. "जाड आवाज राहतील," ते म्हणाले, "बारीक जातील. पाखरं, बांगड्या, दाराची घंटा, कुकरची शिट्टी. बोलण्यातले स, श, फ आधी जातात. कुजबुज तर नाहीच." मशीन घ्या म्हणाले. मी बघते म्हटलं. सिनेमावर लिहिणाऱ्या बाईच्या कानात मशीन दिसलं तर लोक तिचं लिहिलेलं कशाला वाचतील, असं मला वाटलं. मी कुणालाच सांगितलं नाही. ओठ वाचायला शिकले. फोन आला की "खरखर फार आहे, निरोप द्या" म्हणायला शिकले. कोण काय बोललं ते कळलं नाही तर हसून हो म्हणायला शिकले. हो म्हटलं की बहुतेक माणसं समाधानाने निघून जातात.

सिनेमाचं त्यामानाने सोपं होतं. थिएटरात आवाज मोठा, चेहरे मोठे. उरलेलं मी अंदाजाने भरून काढायचे. 'दुसरी पाळी'च्या शेवटी मात्र त्या नटीची पाठ आपल्याकडे होती.

हेमलता असती तर तिने सांगितलं असतं. हेमलता कागवाडे आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहायची. अठरा वर्षं आम्ही शुक्रवारचा बाराचा खेळ एकत्र बघितला. माझ्याकडे वर्तमानपत्राचे दोन पास असायचे, ती डब्यात चिवडा आणायची, आणि बाहेर आल्यावर तिचं मत माझ्या मताच्या नेमकं उलट असायचं. आदल्या वर्षी तिचे यजमान मनोहरराव गेले. मी भेटायला गेले, तिच्याजवळ बसले. तेराव्यानंतर मी शुक्रवारी हाक मारायला गेले तर ती दारातूनच नाही म्हणाली. परत गेले, परत नाही. मग रस्त्यात समोरून दिसली तरी ती पलीकडच्या बाजूला जाऊ लागली. दुःखात माणूस असं करतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुसरा पास मी तिकीट खिडकीवर परत देऊ लागले.

बुधवारी जाहिरात आली. 'शेवटच्या चार मिनिटांची धाडसी शांतता! आशेचा सिनेमा! – कालिंदी उपळेकर'. माझं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत आधी कधी छापलं गेलं नव्हतं. मी तो अंक घरी नेला आणि रात्रीचं जेवण न करताच झोपले.

गुरुवारी बाराला दहा कमी असताना मी थिएटरात गेले.

तो बाहेरच उभा होता. आश्चर्य दाखवलं नाही, फक्त म्हणाला, "मधे बसू या. मधे आवाज चांगला येतो." आणि लगेच त्याच्या चेहऱ्यावर चूक केल्यासारखं काहीतरी आलं.

आत जेमतेम नऊ-दहा माणसं होती. तो माझ्या उजव्या बाजूला बसला. श्रेयनामावली सुरू झाली. पहिल्या वेळी मी ती नीट वाचलीसुद्धा नव्हती. ध्वनिमुद्रणाची पाटी आली तेव्हा मी मुद्दाम बघितलं. पडद्यावर लिहिलेलं होतं, 'शफीक मुजावर'.

मी त्याच्याकडे वळले. "तुमचं नाव शफीक आहे?"

"हो."

"मी परवा रफीक म्हणत होते."

"चालतंय की."

"सांगितलं का नाही?"

त्याने खांदे उडवले. माग सुरू झाले, आणि ते मला अगदी छातीतून ऐकू येत होते.

सिनेमा तोच. इचलकरंजीतला एक मागवाला दुसऱ्या पाळीला म्हणून घरातून निघतो आणि परत येत नाही. बायको वाट बघते. शेजारी सांगतात, पळून गेला. दीर म्हणतो, दुसरं घर केलं असेल. पोलीस चौकशी करून जातात, तिला दोनदा ठाण्यावर बोलावतात. ती रोज डबा भरते. मी आधी बघितलेलं सगळं पुन्हा बघत होते, आणि यात काही राहिलं असेल असं मला कुठेच वाटत नव्हतं. हीच गोष्ट मला जास्त घाबरवत होती.

शेवटचा प्रसंग आला. गल्लीतले माग एकेक करून बंद झाले. बाई उंबऱ्यावर, आपल्याकडे पाठ. माझ्यासाठी ते थिएटर जणू विहिरीच्या तळाशी गेलं.

मी समोर बघतच म्हटलं, "आता काय आहे?"

तो माझ्या कानाजवळ वाकला. कुजबुजला नाही. बोलला, साध्या जाड आवाजात, एकेक शब्द तोडून. आजूबाजूला कुणी बसलेलं नव्हतं, आणि असतं तरी तो थांबला नसता असं मला वाटलं.

"चिमण्या आहेत. पत्र्यावर. माग चालू असताना गल्लीत कुणाला चिमण्या ऐकू येत नाहीत. वीज जायच्या दिवशी मी तिथं जाऊन बसायचो."

मी हूं म्हटलं.

"पलीकडच्या घरात नळ ठिबकतोय. पातेल्यात... आता लांब कुणीतरी पाढे म्हणतंय. मुलगी आहे. सतराचा पाढा. अडखळते... आता तिच्या बांगड्या. डबा उचलला ना, म्हणून."

मी बघितलं होतं, तिने डबा उचलला होता. त्या हाताला आवाज होता हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"आता सगळं थांबलं. चिमण्यासुद्धा. मी काढून टाकलं सगळं. आता ती बोलणार."

त्या बाईचे खांदे किंचित हलले. पहिल्या वेळी मला तो हुंदका वाटला होता. मी परीक्षणात त्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या.

पडदा काळा झाला. दिवे लागले. माणसं उठली. शफीकभाई बोलले नव्हते.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

ते माझ्याकडे पूर्ण वळून बसले. "ती म्हणाली, 'त्यांनी मला दाखवला होता. मीच नाही म्हटलं.'"

मला उमजायला वेळ लागला. पोलिसांनी ठाण्यावर बोलावून तिला नवऱ्याचं प्रेत दाखवलं होतं. हा माझा माणूस नव्हे, असं ती सांगून आली होती. मग दोन तास आम्ही जी आशा बघत होतो ती आशा नव्हतीच. ती सगळं जाणून डबा भरत होती.

"मी आशेचा सिनेमा लिहिलं," मी म्हटलं.

"हो."

"दिग्दर्शक म्हणाले, बाईंनी वेगळा अर्थ लावला."

"त्यांना तिकिटं खपल्याशी मतलब, ताई. मला म्हणाले, तू कशाला जातोस त्या बाईंकडे, चार तारे दिलेत त्यांनी. वाईट लिहिलं असतं तर मी आलो नसतो. वाईट तर वाईट. ऐकून वाईट म्हटलं असतं तर चाललं असतं."

झाडू घेऊन आलेली बाई रांगांमधून फिरू लागली होती. आम्हाला उठायला हवं होतं.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं. "मंगळवारी?"

"रविवारी." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "अंक वाचला आणि तसाच एस्टीने आलो. कचेरी बंद, मग विचारत विचारत तुमच्या घरी. दुपारी चार वाजले असतील. मी घंटा वाजवली, तर आत वाजलेली मला बाहेर ऐकू येत होती. चार-पाचदा वाजवली. रेडिओ खूप मोठ्यानं लागला होता. खिडकीतून तुम्ही दिसत होता, खुर्चीत वाचत बसलेल्या. दार वाजवलं, हाका मारल्या. तुम्ही पान उलटलं. आधी राग आला. वाटलं, मुद्दाम उघडत नाहीत. पायऱ्या उतरलो. मग तुमच्या कुकरची शिट्टी झाली, एक, दोन, पाच, सहा. कुणी उठेना. तेव्हा थांबलो. माझा धंदाच तो आहे."

त्या रविवारी माझी डाळ करपली होती. रेडिओ मी नेहमी मोठा लावायचे. गाणी कळावीत म्हणून नव्हे, घरात काहीतरी चालू आहे असं वाटावं म्हणून.

"असं आधीही कुणी येऊन गेलं असेल," मी म्हटलं.

शफीकभाई उठले आणि त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

त्या शुक्रवारी मी बावीस वर्षांत पहिल्यांदा नव्या सिनेमाला गेले नाही. कचेरीत बसून एक लेख लिहिला आणि शिरगुप्पेसाहेबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी उभ्यानेच वाचायला सुरुवात केली आणि मग बसले.

लेख लहान होता. मी लिहिलं होतं की मागच्या रविवारचं माझं परीक्षण चुकीचं आहे, आणि ती मतभेदाची चूक नाही. त्या चार मिनिटांत चिमण्या आहेत, ठिबकणारा नळ आहे, अडखळत म्हटलेला पाढा आहे, बांगड्या आहेत आणि एक वाक्य आहे. हे सगळं शफीक मुजावर यांनी ध्वनिमुद्रित केलं आहे आणि मला ते ऐकू आलं नाही, कारण चार वर्षांपासून मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. या काळात मी ज्या चित्रपटांच्या ध्वनीविषयी बरंवाईट लिहिलं, त्यांची मी माफी मागते.

"हे नाही छापता येणार," साहेब म्हणाले.

"का?"

"ताई, लोक हसतील. वर्तमानपत्राला हसतील. चार वर्षं आपण बहिऱ्या..." ते अडखळले. "फार तर दोन ओळींचा खुलासा देऊ. मुद्रणदोष म्हणू."

"मुद्रणदोष नाहीये तो."

"सिनेमा तर आजच उतरला. आता कुणासाठी लिहिताय?"

त्यांचं बरोबर होतं. तो सिनेमा आता गावात कुणाला बघायला मिळणार नव्हता. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही छापलं नाहीत तर मी दुसरीकडे देईन. आणि छापलंत तर सदर बंद करते. तुम्हाला सांगायची वेळ येणार नाही."

त्यांनी लेखावर हात ठेवला. मग नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "आम्हाला एवढ्या वर्षांत समजलं कसं नाही हो?"

"तुमचा आवाज मला ऐकू येतो," मी म्हटलं.

रविवारी लेख छापून आला, कापाकापी न करता. सकाळभर मी घरात बसून होते. कोण येईल, काय म्हणेल याचा विचार करत नव्हते. माझ्या डोक्यात शफीकभाईंचा तो रविवार घोळत होता. मुद्दाम उघडत नाहीत. चारच्या सुमाराला मी उठले आणि हेमलताकडे गेले.

तिने दार उघडलं. तिच्या हातात चष्मा होता आणि मागे दिवाणावर आमची पुरवणी पडलेली होती. मला वाटलं होतं ती दारातूनच परत पाठवेल. ती बाजूला झाली.

मी खुर्चीत बसले. ती दिवाणावर, पुरवणीच्या शेजारी. मनोहररावांचा फोटो नवीन चौकटीत लावलेला होता.

"वाचलं मी," ती म्हणाली. मग एकदम जपून, माझ्याकडे तोंड करून, "कधीपासून?"

"चार वर्षं."

"मला का नाही सांगितलंस? शुक्रवारी शेजारी बसायचे मी तुझ्या."

"तू बाहेर आल्यावर सगळी गोष्ट परत सांगायचीस. भांडायचीस. त्यातून कळायचं मला."

तिने डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. "चार वर्षं म्हणजे, यांच्या वेळेलाही?"

"त्यांच्या वेळेला म्हणजे?"

"ज्या दिवशी यांच्या छातीत दुखायला लागलं, त्या दुपारी."

"मी तेव्हा नव्हतेच तुझ्याकडे. मला तर ते गेल्यावर कळलं, हेमा."

"मी आले होते." ती हळू बोलू लागली आणि मग स्वतःच आवाज वाढवला. "आमचा फोन बंद पडला होता. तुझा चालू असणार म्हणून धावत तुझ्या दारात आले. घंटा वाजवली. दार बडवलं. आत रेडिओ चालू होता. कालिंदी कालिंदी म्हणून ओरडले मी. मग तिथून कोपऱ्यावरच्या घरी गेले, ते लोक घरात नव्हते. मग पुढे. रिक्षा मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला."

मी मनोहररावांच्या फोटोकडे बघितलं.

"त्याने काही फरक पडला असता की नाही, देव जाणे. डॉक्टरांना मी विचारलं नाही." तिने पुरवणीची घडी घातली, उलगडली. "तरी मी म्हटलं, बाहेर गेली असेल, रेडिओ चालू राहिला असेल. तू भेटायला आलीस ना, दहाव्याच्या आदल्या दिवशी? इथेच बसली होतीस. बायका होत्या सगळ्या. तेव्हा मी तुला विचारलं."

"काय विचारलंस?"

"हळूच विचारलं. बायकांसमोर नको म्हणून. म्हटलं, त्या दुपारी तू घरात होतीस का गं?"

ती माझ्याकडे बघत होती. मला ती दुपार आठवली. गर्दी, उदबत्ती, हेमलताचा सुजलेला चेहरा. ती डोकं खाली घालून काहीतरी पुटपुटली होती. दुःखाचंच काही असणार म्हणून मी तिच्या हातावर हात ठेवला होता.

"आणि मी?"

"तू हो म्हणालीस. मान हलवून. वर हात थोपटलास माझा."

बाहेरून कुणी गेलं असावं. तिने खिडकीकडे बघितलं, मी तिचं बघून बघितलं.

"मी ऐकलं नव्हतं, हेमा."

"हो. आता कळलं ते." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. "सव्वा वर्ष मी तुला शिव्या दिल्या. रोज. भांडी घासताना, देवापुढे बसल्यावर. आता त्यांचं काय करू मी?"

मी खुर्ची पुढे ओढली. तिला हात लावावा की नाही ते मला कळेना, म्हणून हात मांडीवरच राहिले. आम्ही तशाच बसलो. माझ्या बाजूला तर आवाज नव्हताच, तिच्या बाजूला काय ऐकू येत होतं ते तिचं तिला ठाऊक.

मग ती उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि पाठ करून काहीतरी बोलली. नुसते खांदे हलले. चार वर्षं अशा वेळी मी हो म्हणत आले होते. चहा टाकते म्हणाली असेल. बस म्हणाली असेल. तोंडापर्यंत आलेलं हो मी आवरलं.

"मला ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "इकडे बघून बोल."

ती वळली. खिडकीचा उजेड तिच्या चेहऱ्यावर होता, ओठ स्वच्छ दिसत होते. ती रागावलेली नव्हती. एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला सांगावं तसं, तिने परत सांगितलं.

"म्हटलं, आता तू जा. मला जरा एकटीला बसू दे."

"हो," मी म्हटलं, आणि चपला घातल्या.